कर्मचाऱ्यांचे आरोग्य : शिबिराच्या पलीकडे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्हा विद्यापीठ कर्मचाऱ्यांना आपण या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार. कामाच्या ठिकाणचे आरोग्य हा विषय आपणच आम्हाला दिला. आम्ही डॉक्टर नाही. फायली, आवक-जावक नोंदवह्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि खिडकीसमोरच्या विद्यार्थ्यांच्या रांगा यांतच आमची नोकरी गेली. त्यामुळे औषधोपचार सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु कर्मचाऱ्यांसाठी आरोग्याचे उपक्रम चालवताना आमच्या हातून काय चुकले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे सांगण्याचे धाडस आम्ही करू शकतो. आज तेवढेच करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यापीठाच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी शिबिर घेतले. मंडप, फलक, पाहुण्यांचे स्वागत, दोन भाषणे, सगळे यथासांग पार पडले. अधिकारी आले, प्राध्यापक आले, कार्यालयातील आम्ही मंडळी रांगेत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

परीक्षा विभागात आमचे एक शिपाई होते. सारे त्यांना मामा म्हणत. शिबिराच्या दिवशी मामा सकाळी सात वाजल्यापासून राबत होते. खुर्च्या त्यांनी मांडल्या, टेबले लावली, डॉक्टरांना चहा दिला, जेवणाच्या ताटांचे पाहिले आणि संध्याकाळी सगळे आवरून शेवटी घरी गेले. पुढे पाच महिन्यांनी, निकालाच्या धावपळीत, तिसऱ्या मजल्यावर गठ्ठे चढवताना मामा जिन्यातच बसले. तोंड एका बाजूला ओढले गेले, डावा हात लुळा पडला. पक्षाघाताचा झटका होता. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, यांचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला होता? मामींना सांगता येईना. आम्हालाही सांगता येईना. परत येऊन आम्ही शिबिराची नोंदवही उघडली. तीत मामांचे नाव नव्हते. भाड्याने आणलेल्या खुर्च्यांच्या पावतीवर मात्र त्यांची सही होती.

मंडळी, आजचे आमचे सारे बोलणे त्या पावतीवरून सुरू होते.

प्रथम दुखण्याचा आवाका पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे दहा जणांच्या विभागात तिघा-चौघांना रक्तदाब असू शकतो. या दुखण्याचा खरा धोका असा की ते दुखत नाही. दात दुखला तर माणूस रजा काढतो, पण रक्तदाब वाढला तरी तो गठ्ठे उचलतच राहतो. म्हणून मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

आता कामाचा आणि आरोग्याचा संबंध काय, ते पाहू. या बाबतीत एक जुना अभ्यास फार बोलका आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर बसून असे, वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत असे. एकच गाडी, एकच रस्ता, एकच कंपनी. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडला की वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो. मुंबईच्या दुमजली बसने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो अरुंद जिना आठवत असेल. वाहकाचे हृदय सांभाळण्यात त्या जिन्याचाही हातभार होता.

आमच्या कार्यालयांत काय चालते? पूर्वी एक कागद दुसऱ्या विभागात न्यायचा तर उठावे लागे. आता संगणकाच्या एका कळीवर तो जातो. ही सोय चांगलीच आहे. परंतु तिच्यामुळे सकाळी दहाला खुर्चीत बसलेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलत नाही. जेवतोही त्याच टेबलावर, फायली बाजूला सारून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणे त्यात येते. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, एवढाच त्याचा हिशेब आहे. तो अर्धा तास एकदम मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत. थोडे चालणे काहीच न चालण्यापेक्षा बरे.

इथे विद्यार्थी मित्र म्हणतील, मग विद्यापीठाने योगवर्ग काढावा, चालण्याची स्पर्धा घ्यावी, प्रश्न मिटला. आम्हालाही तसेच वाटले होते. २०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होतो. २०१९ च्या २९ ऑगस्टला फिट इंडिया चळवळ सुरू झाली. कार्यालयातील लोकांसाठी खुर्चीजवळच करता येतील अशा पाच मिनिटांच्या योगक्रियाही आयुष मंत्रालयाने तयार केल्या. हे सारे चांगलेच आहे. तरी असे उपक्रम केल्याने नेमके काय साधते, हे एका विद्यापीठाने मोजून पाहिले आहे. तो प्रयोग आपण समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील शाखेत २०१६ मध्ये हा प्रयोग झाला. सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांनी त्यासाठी संमती दिली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्य तपासणी, सवयींविषयीची प्रश्नावली आणि निरनिराळे आरोग्य उपक्रम खुले केले. भाग घेतल्यास पैशाचे बक्षीस आणि पगारी वेळही दिला. दुसऱ्या गटाला यातले काही दिले नाही. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात दोन्ही गटांच्या औषधपाण्याच्या खर्चात, आजारपणाच्या रजांत, व्यायामशाळेतील हजेरीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि आपल्या आरोग्याची व्यवस्थापनाला काळजी आहे असे अधिक जणांना वाटू लागले, एवढा लाभ दिसला.

या प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. उपक्रमांत जे सामील झाले, ते आधीपासूनच प्रकृतीला जपणारे होते. त्यांचा औषधांचा खर्च आधीच्या वर्षीही कमी होता. म्हणजे आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली तर उपक्रम फार यशस्वी दिसतो. पण ते यश उपक्रमाचे नसते, आलेल्या माणसांचे असते. हे वाचले आणि आम्हाला आमचा शिबिराचा अहवाल आठवला. आमच्या योगवर्गात पहिल्या रांगेत कोण असते? जे घरीही पहाटे उठून आसने करतात तेच. आरोग्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, तो त्या वेळी पाणी भरत असतो, गेटवर उभा असतो, किंवा घरी जाणारी शेवटची बस पकडायला धावत असतो.

मग हे न येणारे कोण, आणि त्यांची प्रकृती कशी असते? याचे उत्तर पुन्हा लंडनमधून मिळते. तिथल्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कार्यालयांत १९६७ मध्ये सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली. पुढे मायकल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला. तेव्हा दिसले की निरोप पोहोचवणारे, दारावर उभे राहणारे असे सर्वांत खालच्या पायरीवरचे कर्मचारी हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. आपल्याकडे समज असा की जबाबदारीच्या ताणाने साहेबाला झटका येतो. नोंदी वेगळेच सांगत होत्या. विडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब धरला तरी हा फरक पुरता सुटत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात दिसून आले की ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी, म्हणजे केव्हा काय करायचे हे ज्यांना स्वतः ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक.

इथे कोणी विचारील, शिपाई तर दिवसभर चालतो, जिने चढतो, मग बसच्या वाहकाप्रमाणे त्याचे हृदय का सांभाळले जात नाही? हा प्रश्न आम्हालाही पडला. मामांकडे पाहून त्याचे उत्तर थोडेफार सापडले. मामा चालत होते, पण बेल वाजली की चालत होते. जेवायला बसले तरी कान बेलकडे. आपल्या राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली आणि शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. रोजचा अर्धा तास अधिक. व्यायामाला अर्धा तास काढा असे आम्ही व्याख्यानात सांगतो. मामांसारख्यांचा तो अर्धा तास कुठे गेला, ते या वेळापत्रकातच लिहिलेले आहे.

मामांच्या घटनेनंतर आम्ही काय केले, ते थोडक्यात सांगतो. सगळेच साधले असे नाही. लिफ्टऐवजी जिना वापरण्याचा आठवडा पाळला, तो आठव्या दिवशी संपला. चालण्याचा गट उत्साहात सुरू झाला आणि पावसाळ्यात पाच जणांवर आला. हे मान्य केलेच पाहिजे. जे टिकले ते साधे होते.

आम्ही वर्गणी काढून रक्तदाब मोजण्याचे दंडावर बांधायचे यंत्र घेतले आणि माणसांना मंडपात बोलावण्याऐवजी यंत्रच माणसांकडे नेऊ लागलो. सफाईच्या भगिनी पहाटे येतात आणि दुपारी जातात, म्हणून त्यांच्याकडे सकाळी सातला. सुरक्षारक्षकांकडे पाळी बदलताना, गेटवरच. वाहनचालकांकडे गाड्यांच्या शेडमध्ये. कंत्राटी कामगार कोण आणि कायम कोण, हे यंत्र विचारीत नाही, म्हणून आम्हीही विचारायचे नाही असे ठरवले. पहिल्याच फेरीत असे लोक निघाले की ज्यांचा रक्तदाब बराच वर होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एक सफाई कामगार भगिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्या दंडाला पहिल्यांदाच पट्टा लागला."

मोजण्याचीही रीत आहे. आधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्ध्या तासात चहा, तंबाखू घेतलेली नसावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवलेला असावा, आणि मोजताना बोलू नये. एका मोजणीवर निर्णय करू नये. वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येत राहिले तर डॉक्टरांकडे जावे. गोळी सुरू झाली तर बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. आमच्या नोंदवहीत आता एक रकाना अधिक आहे : "पुढे काय झाले?" तो रकाना रिकामा असेल तर त्या माणसाच्या टेबलाशी पुन्हा जायचे. शिबिरात हेच राहून जाते. तिथे रोग सापडतो आणि माणूस हरवतो.

दुसरी गोष्ट चहाची. कार्यालयात साखर घातलेलाच चहा येतो. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा साधारण ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही चहा बिनसाखरेचा मागवून साखर वेगळी ठेवू लागलो. पहिले चार दिवस कुरकुर झाली, नंतर अनेकांचे दोन चमचे एकावर आले. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात भाजी-आमटीबरोबर लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरायचे. बैठकीला वडा आणि फरसाणाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवली तर खर्चही कमी येतो.

तंबाखूविषयी बोलणे अवघड जाते, कारण ती खाणारे आमचेच जिवलग असतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यांतले बहुसंख्य धुराविना, म्हणजे चघळून किंवा मिश्री लावून. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खिशातली पुडी गेलेली नाही. अशा माणसाला चारचौघांत टाकून बोलू नये. सोडायची इच्छा असेल त्याच्या हाती १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि पहिले पंधरा दिवस त्याच्या सोबत राहावे.

भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पहाटे उठून डबे करून, बस पकडून येणारी स्त्री दुपारी टेबलावर डोके टेकते, तेव्हा तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. आणि स्वच्छतागृह चांगले नसेल तर स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. योगवर्गाचा फलक लावण्याआधी स्वच्छतागृहाची कडी आणि नळ दुरुस्त करणे, हाही आरोग्याचा उपक्रमच आहे. कॅनडात २०१५ मध्ये विद्यापीठांच्या आरोग्याविषयी ओकानागन सनद तयार झाली. तिचा आशय हाच आहे की आरोग्य हा एखाद्या कक्षाचा वेगळा कार्यक्रम न राहता विद्यापीठाच्या रोजच्या कारभारात उतरावा.

मनाच्या आरोग्याचेही दोन शब्द. निकाल लांबला की विद्यार्थी खिडकीशी चिडतात, वरून साहेब विचारतात, आणि मधला लिपिक रात्री झोपत नाही. अशा वेळी टेबल वाटून घेणे, आळीपाळीने विश्रांती देणे, उशिरा थांबणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ देणे, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते. मन फारच खचले असेल तर टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी आपल्याशी बोलायचे आहे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील कुठे ना कुठे शिपाई, सफाई कामगार, रखवालदार, चालक, लिपिक म्हणून राबतात. तुमच्या शुल्काची काळजी त्यांना असते, स्वतःच्या रक्तदाबाची नसते. आज घरी गेल्यावर त्यांना एवढेच विचारा : शेवटचा रक्तदाब कधी मोजला? साखर कधी तपासली? उत्तर आले नाही तर या आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यांना सोबत घेऊन जा. सोबत जा, कारण नुसते सांगून ते जाणार नाहीत. आणि कधी कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर उतारा, मालिश, लिंबूपाणी यांत वेळ न दवडता १०८ ला दूरध्वनी करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. उद्या तुम्ही अधिकारी व्हाल, तेव्हा शिबिराच्या सकाळी खुर्च्या मांडणाऱ्याला आधी खुर्चीवर बसवा.

मामा आता घरी असतात. काठी घेऊन अंगणात फिरतात, बोलणे बरेच सुधारले आहे. मागे आम्ही भेटायला गेलो आणि धीर करून शिबिराच्या दिवसाचा विषय काढला. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "कुणी ये म्हटलं असतं तर बसलो असतो की, साहेब. मला वाटलं, ते तुमच्यासाठी आहे."

ही समजूत आम्ही त्यांच्या मनात तयार होऊ दिली, हा दोष आमचा. तो पुन्हा आमच्या हातून घडू नये, आणि आपल्याही हातून घडू नये, एवढ्यासाठी आज आपला वेळ घेतला. संस्थेने पुढील उपक्रम आखताना पहिले नाव मंडपवाल्या मुलाचे, दुसरे स्वयंपाकाच्या मावशींचे आणि तिसरे रखवालदाराचे लिहावे; मग आपली नावे लिहावीत, अशी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.